गॅस कटिंगसाठी घरी बनवलेला कंपास: माझा अनुभव

10 मिलिमीटर जाडीच्या माइल्ड स्टीलच्या प्लेटमधून 300 मिलिमीटर व्यासाच्या काही चकत्या कापायच्या होत्या आणि पाइप आरपार जाण्यासाठी त्याच जाडीच्या प्लेटमध्ये 160 मिलिमीटरची गोल छिद्रे पाडायची होती. हात कितीही बसलेला असला तरी कापणारी ज्योत देणारी टॉर्च मोकळ्या हाताने गोल फिरवली की कड लाटांसारखी वरखाली होते, आणि कापायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ नंतर ग्राइंडर चालवण्यात जातो. म्हणून कापायला बसण्यापूर्वी मी टॉर्चसाठी कंपास बनवायचे ठरवले. असे कंपास तयार मिळतात, परंतु स्वतः बनवलेला आपल्या टॉर्चच्या मापाला आणि आपल्या कामाला नेमका बसवता येतो.

कंपास त्रिज्या कायम राखतो, हे उघडच आहे. मात्र तेवढ्याने कड चांगली येत नाही. गॅस कटिंगमध्ये लोखंड वितळवून कापले जात नाही, ते जाळून कापले जाते. आधी ज्योतीने प्लेटचा एक ठिपका साधारण 900 अंश सेल्सियसपर्यंत, म्हणजे स्टीलच्या वितळणबिंदूच्या बराच खाली, लालभडक होईपर्यंत तापवायचा आणि मग त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडायचा. तेथे लोखंड पेट घेते आणि तयार झालेला ऑक्साइड झोताबरोबर खाली वाहून जातो. हे जळणे अखंड चालू राहण्यासाठी नोझलची, म्हणजे टॉर्चच्या टोकाच्या तोटीची, उंची, वेग आणि कोन या तिन्ही गोष्टी स्थिर असाव्या लागतात. नोझल केवळ 5 अंशांनी कलले तरी 10 मिलिमीटरच्या प्लेटमध्ये वरची आणि खालची कड यांत जवळजवळ 0.9 मिलिमीटरचा फरक पडतो. त्रिज्या अचूक आणि नोझल मात्र डोलणारे, असा कंपास अर्धेच काम करतो. म्हणून आडव्या सळईपेक्षा तिच्या दोन टोकांकडे, म्हणजे नोझलची पकड आणि केंद्राची टोचणी यांच्याकडे, मी जास्त लक्ष दिले.

सळई 12 मिलिमीटर व्यासाची, सरळ आणि पॉलिश केलेली घेतली. माझ्या टॉर्चचे डोके काटकोनात आहे आणि नोझल धरून ठेवणारा नट षटकोनी आहे. त्या नटावर एक आखूड बाही तीन स्क्रूंनी आवळून बसवली. या बाहीचा बाहेरचा भाग लेथवर गोल करून घेतला होता, आणि ती बाही सळईच्या टोकाला वेल्ड केलेल्या, आत पितळी बुश असलेल्या कड्यात मोकळी फिरेल अशी व्यवस्था केली. ही फिरकी अत्यंत आवश्यक आहे, असे माझे ठाम मत आहे. टॉर्च सळईला घट्ट जखडली, तर पूर्ण फेरा मारताना हँडलही सळईबरोबर फिरते, दोन्ही होज (गॅसच्या नळ्या) पायांत आणि प्लेटच्या कडेला गुंडाळले जातात, आणि शेवटच्या पाव फेऱ्यात त्यांचा ताण नोझलला बाजूला ओढू लागतो. बाही मोकळी फिरत असेल तर हँडल शेवटपर्यंत आपल्याच दिशेला ठेवता येते. त्यासाठी एक बारीकशी गोष्ट सांभाळावी लागते: वर्तुळाच्या पलीकडच्या बाजूला टॉर्च पोहोचते तेव्हा हँडल केंद्राच्या वरून जाते. म्हणून केंद्राच्या ठोकळ्याची उंची कमी ठेवली आणि त्याचा आवळण्याचा बोल्ट वरून न देता बाजूने दिला.

केंद्रासाठी चौकोनी ठोकळ्यात सळईच्या मापाचे आरपार छिद्र घेतले, त्यामुळे ठोकळा सळईवर हवा तेथे सरकवून आवळता येतो. त्याच्या तळाशी 8 मिलिमीटरची कडक टोचणी बसवली आणि तिचे टोक साधारण 60 अंशांच्या कोनात घासून घेतले. चुंबकाच्या बैठकीवर केंद्र बसवण्याचा विचारही केला होता, कारण त्यात पंच मारावा लागत नाही. परंतु सर्वसाधारण निओडिमियम चुंबकाची पकड 80 अंश सेल्सियसच्या पुढे कमी होऊ लागते, आणि लहान वर्तुळ कापताना मधली प्लेट त्याहून कितीतरी जास्त तापते. फेराइट चुंबक उष्णता बऱ्यापैकी सोसतो, पण त्याची पकड मुळातच हलकी असते. सेंटर पंचने खोल खूण करून त्यात टोचणी रोवणे मला अधिक भरवशाचे वाटले. खूण मात्र खरोखर खोल हवी; उथळ खुणेत टोचणी बसल्यासारखी वाटते आणि पहिल्या धक्क्याला वर चढते. टोचणीजवळ अर्धा मिलिमीटर ढिलाई असली तर ती नोझलपर्यंत जशीच्या तशी पोहोचते. त्या मानाने उष्णतेने सळई लांबण्याची चिंता करण्याचे कारण नाही: 150 मिलिमीटर लांबीचे स्टील 100 अंशांनी तापले तर ते जेमतेम 0.2 मिलिमीटरने वाढते.

उंची राखण्यासाठी नोझलच्या जवळ सळईला एक कंस लावून त्यात दोन छोटी बॉल बेअरिंग चाके म्हणून बसवली. 22 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचे 608 क्रमांकाचे बेअरिंग यासाठी योग्य मापाचे आहे. रबरी सील असलेली बेअरिंग टॉर्चच्या झळीत टिकत नाहीत, म्हणून धातूच्या झाकणाची घेतली. त्यांतील ग्रीस धुऊन काढले आणि ती कोरडीच वापरली. पितळी बुशलाही तेल दिले नाही. ऑक्सिजनच्या जोडणीजवळ तेल किंवा ग्रीस असणे हे आगीला थेट निमंत्रण असते, आणि चाकाला लावलेले तेल हातमोज्यावरून नोझलच्या आट्यांपर्यंत जायला वेळ लागत नाही. कोरड्या बेअरिंगची थोडी घरघर ऐकू येते, ती चालवून घ्यावी. चाकांचे आस बरोबर केंद्राच्या दिशेने असावे लागतात. ते जरा तिरके झाले तरी चाक घासत चालते आणि नोझलला आत किंवा बाहेर ढकलत राहते. कंस उलटसुलट लावता येईल असा केला, कारण चकती कापताना चाके आतल्या बाजूला, म्हणजे चकतीवर, चालवायची असतात आणि छिद्र कापताना बाहेरच्या बाजूला. जो तुकडा शेवटी टाकाऊ म्हणून सुटणार आहे, त्यावर चाकांचा भार नको. कंसाचे बोल्ट जस्ताचा मुलामा नसलेले निवडले, कारण तापलेल्या जस्ताचा धूर श्वासात जाणे चांगले नाही.

मोजमापाच्या बाबतीत कापाची रुंदी विसरून चालत नाही. त्याच प्लेटच्या टाकाऊ तुकड्यावर, त्याच नोझलने आणि त्याच दाबावर एक सरळ काप घेतला आणि त्याची रुंदी मोजली; ती 2 मिलिमीटर भरली. नोझलचा मध्य या रुंदीच्या मधोमध चालतो, म्हणून 300 मिलिमीटरच्या चकतीसाठी टोचणीच्या टोकापासून नोझलच्या मध्यापर्यंतचे अंतर 150 नव्हे, तर 151 मिलिमीटर ठेवले, आणि 160 मिलिमीटरच्या छिद्रासाठी 80 ऐवजी 79. नंतर कड घासून साफ करायची असेल तर चकतीत अर्धा मिलिमीटर आणखी सोडावा.

प्लेट थेट काँक्रीटच्या फरशीवर ठेवू नये. गरम स्लॅगच्या (कापातून पडणाऱ्या वितळलेल्या ऑक्साइडच्या) झोताने काँक्रीटमधील ओलाव्याची वाफ होते आणि कपच्या जोराने उडतात. मी प्लेट जमिनीपासून चांगली उंच घेतली आणि आधाराचे तुकडे असे मांडले की तीन वर्तुळाच्या आत आणि तीन बाहेर राहतील. कापाच्या रेषेखाली एकही येऊ दिला नाही. मग टॉर्च न पेटवता पूर्ण फेरा मारून पाहिला. ही कोरडी फेरी मी प्रत्येक वेळी घेतो. होज कोठे अडतो, कोणत्या जागी पायाची जागा बदलावी लागेल, चाक कोठल्या जुन्या वेल्डवर चढते, हे सारे त्याच वेळी समजते. 151 मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे 950 मिलिमीटर होतो. मिनिटाला 400 मिलिमीटरच्या वेगाने तो पुरा करायला जवळजवळ अडीच मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ हात न थांबता चालायला हवा.

कापाची सुरुवात वर्तुळाच्या रेषेवर करू नये, कारण भोक पाडताना तेथे खळगा पडतो. प्लेट ड्रिलने आधीच भेदून ठेवणे मला सर्वांत सोयीचे वाटले: टाकाऊ बाजूला, रेषेपासून थोड्या अंतरावर, 8 मिलिमीटरचे छिद्र घेतले. चकतीसाठी ही जागा वर्तुळाच्या बाहेर असते, छिद्रासाठी आत. त्या छिद्रापासून रेषेपर्यंतचा छोटा काप कंपास न लावता हाताने घेतला, टॉर्च बंद केली आणि मगच टोचणी खुणेत बसवली. ॲसिटिलीनचा, म्हणजे ज्योतीच्या इंधन वायूचा, दाब 1 बारच्या वर जाऊ दिला नाही, दोन्ही होजवर फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी आत शिरू न देणारी सुरक्षा-जोडणी) होतेच, आणि डोळ्यांवर 5 क्रमांकाच्या शेडचा चष्मा होता. ज्योत न्यूट्रल (ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन समतोल असलेली) करून तिच्या आतल्या निळ्या शंकूचे टोक प्लेटपासून 3 मिलिमीटर वर राहील अशा रीतीने बाही नटावर वरखाली केली.

टॉर्च चालवताना हँडल लांबून ढकलले की नोझल कलते. म्हणून उजवा हात डोक्याच्या जवळ धरला आणि डाव्या हाताने टोचणीवरचा ठोकळा हलकेच खाली दाबून ठेवला. कंपास असला की डोळ्यांना रेषा पाहण्याचे काम उरत नाही, त्यामुळे सगळे लक्ष वेगाकडे देता येते. कंपासचा मला सर्वांत मोठा फायदा हाच वाटतो. प्लेटच्या खालून ठिणग्या जवळजवळ सरळ खाली पडत असतील आणि कापडाची घडी सलग फाडल्यासारखा एकसारखा आवाज येत असेल, तर वेग बरोबर आहे. ठिणग्या मागे रेलू लागल्या तर हात जरा सावकाश करायचा. वरची कड गोलसर होऊन वितळू लागली तर वेग कमी पडतो आहे किंवा ज्योत मोठी झाली आहे, असे समजायचे.

फेऱ्याचा शेवट सर्वांत नाजूक असतो. छिद्र कापताना टोचणी ज्या तुकड्यात रुतलेली असते, तोच तुकडा सुटणार असतो. तो खाली खचला की केंद्रही खचते आणि शेवटचे दोन सेंटिमीटर वाकडे जातात. आतल्या तीन आधारांमुळे तो जागेवरच राहतो. सुरुवातीच्या कापाला पोहोचल्यावर लगेच ऑक्सिजन बंद न करता थोडे पुढेपर्यंत गेलो, म्हणजे मध्ये न कापलेला पदर राहत नाही. तयार कडेवर बारीक, जवळजवळ उभ्या रेषा दिसल्या आणि खालचा स्लॅग छिन्नीच्या हलक्या ठोक्याने निघाला. ग्राइंडरचे काम उरले ते फक्त खालची धार मारण्यापुरते.

60 मिलिमीटर किंवा त्याहून लहान छिद्रांसाठी मी हा कंपास वापरत नाही, कारण एवढ्या जवळ टोचणी, चाके आणि नोझल यांना जागाच पुरत नाही. तेथे 6 मिलिमीटरच्या प्लेटचा साचा कामावर क्लॅम्प करून नोझल त्याच्या आतल्या कडेला टेकवत फिरवणे सोपे जाते. नोझलचे टोक 16 मिलिमीटरचे आणि काप 2 मिलिमीटरचा असेल, तर 60 मिलिमीटरच्या छिद्रासाठी साच्याची त्रिज्या 30 मधून 1 वजा करून त्यात 8 मिळवून काढावी, म्हणजे साच्याचे छिद्र 74 मिलिमीटरचे होते. हा साचा लेथवर काढून घेतलेला बरा, कारण त्याच्या कडेवरची प्रत्येक खाच पुढच्या प्रत्येक छिद्रात उतरते.