आमची वाटचाल : पुस्तक मशीनसोबत यायचं

1984 साली वडिलांनी कुर्ल्यात डिझेल पंपाचं वर्कशॉप टाकलं. टेस्ट बेंचसोबत, म्हणजे पंप चढवून तपासायच्या मशीनसोबत, एक जाडजूड पुस्तक आलं होतं, त्यात प्रत्येक पार्टचं चित्र, नंबर, क्लिअरन्स म्हणजे दोन पार्टमधली फट.

त्याचं मोल 26 जुलै 2005 ला कळलं. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी दुकानात शिरली, बेंच पाण्याखाली गेला. दुरुस्तीचा आकडा ऐकून वडील दुकान विकायचं बोलू लागले. तेव्हा वाडा तालुक्यातले काका आले, पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. म्हणाले, "पुस्तक आहे ना? मग खोला." पुस्तक माळ्यावर कोरडं होतं. मी आणि कारागीर सोळा दिवस बसलो. बेअरिंगं नागदेवी स्ट्रीटवरून आणली, मोटर रिवाइंड केली, गेज नवे लावले. बेंच फिरला, आणि पहिला पंप काकांचाच चढवला.

जुलै 2024 मध्ये काकांच्या मुलाचा ट्रॅक्टर चिखलणीत बंद पडला. 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला प्रदूषणाचे नवे नियम आहेत, म्हणून कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल, आणि ते सांभाळणारा इसीयू, इंजिनाचा कॉम्प्युटर. नियमाबद्दल तक्रार नाही. इंजिनात डिझेल फवारणारा एक इंजेक्टर गेला होता; तो आम्ही दुपारपर्यंत शोधून बदलला. पण नव्या इंजेक्टरवरचा कोड इसीयूत भरायचं सॉफ्टवेअर फक्त अधिकृत डीलरकडे. डीलर म्हणाले, बाहेर खोललंत, वॉरंटी गेली. त्यांचा माणूस लॅपटॉप घेऊन नऊ दिवसांनी आला, पाच मिनिटांत गेला. तोवर आवण, म्हणजे भाताची रोपं, म्हातारं झालं होतं. लावणीनंतर फुटवे कमी आले, आणि तो पोरगा मला काहीच बोलला नाही. ते अजून टोचतं.

चाळीस वर्षं नोझलचा आवाज ऐकून दाब सांगणारे आम्ही, पाच मिनिटांच्या कोडासाठी नालायक? अमेरिकेतल्या कोलोरॅडोत 1 जानेवारी 2024 पासून कायदाच आहे : कंपनीने शेतकऱ्याला आणि स्वतंत्र मेकॅनिकला मॅन्युअल, पार्ट, सॉफ्टवेअर द्यायचं. आपल्याकडे केंद्राने 2022 मध्ये अशाच दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत शेती अवजारं आहेत. यादीने ट्रॅक्टर सुरू होत नाही.

नवा ट्रॅक्टर घेताना सही करण्याआधी विचारा : वायरिंगचा नकाशा देणार का, कोड कोण भरणार, किती दिवसांत. उत्तर लेखी घ्या. आणि पावसाळ्यात रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी डिझेल फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून पाणी काढा. निम्मे इंजेक्टर आमच्याकडे पाण्यानेच येतात.