“वळायचं ना मागे!”

“अरे, धावपट्टी मागेच होती, वळायचं ना सरळ!” हडपसरला टपरीवर मोबाईलवरची बातमी बघत एक काका तावातावाने म्हणाले. छोटं विमान, उड्डाण करताच कोसळलं, आतलं कुणी वाचलं नाही. चहा संपायच्या आत पायलट ‘कच्चा’ ठरलासुद्धा.

मला ते ऐकवेना. माझा भाचा पायलटचं ट्रेनिंग घेतोय. उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं तर मागे वळू नका, समोर जे मोकळं दिसेल तिथे उतरा, हे त्यांच्याकडून घोटून घेतात. शिकवणारे सर मध्येच थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढतात आणि पोराने वेग टिकवायला तत्क्षणी विमानाचं नाक खाली करायचं. जमीन इतकी जवळ असताना नाक खाली! मन वर ओढायला सांगत असतं.

मागे का नाही वळायचं? कारण उंची कमी, वेग कमी. त्यात वळण घेताना विमान 45 अंश कललं, तर हवेत टिकायला लागणारा किमान वेग जवळपास 19 टक्क्यांनी वाढतो. तो नसेल तर पंख साथ सोडतात, आणि सावरायला खाली उंचीच नसते.

काकांना हे सांगितलं. ते गप्प झाले, पण शेजारच्याने व्हिडिओ पुढे पाठवलाच, “पायलटची चूक” असं लिहून. बावधनला 2 ऑक्टोबर 2024 ला उड्डाणानंतर लगेचच हेलिकॉप्टर कोसळून तिघे गेले, तेव्हाही दुपारपर्यंत सगळ्यांचे निकाल तयार होते.

चौकशीला महिनोन् महिने लागतात. तोवर हे असले मेसेज त्या पायलटच्या घरीही पोचत असतील ना?