हिस्लॉप कॉलेज माहितीये, मग हिस्लोपी?

नागपुरात हिस्लॉप कॉलेज कोणाला माहीत नाही? पण त्याच पाद्रीसाहेबाच्या नावाचा पाण्यातला एक जीवही आहे म्हटलं की लोक असे बघतात की हा फेकतोय काय. सायक्लेस्थेरिया हिस्लोपी. कोळंबी-झिंग्यांच्या दूरच्या नात्यातला, मसुराच्या दाण्याएवढा, दोन पातळ गोल शिंपल्यांच्या आत राहतो आणि आत पाय सारखे हलत असतात.

स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये मिशनच्या कामाला नागपुरात आला, पण दगड, फॉसिल, डबकी, सगळ्याचाच नाद. पाण्यातले बारीक जीव त्याने गोळा केले आणि ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विल्यम बेअर्डच्या टेबलावर पोचले. बेअर्ड मूळचा डॉक्टर, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर सर्जन होता, नंतर म्युझियममध्ये नोकरी, आणि असल्या बारीक कवचधाऱ्यांवर 1850 मध्ये जाडजूड ग्रंथ लिहून बसलेला. त्याने 1859 मध्ये वर्णन छापलं, नाव हिस्लॉपचं दिलं. हिस्लॉप 1863 मध्ये टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं बघून परतताना ओढ्याच्या पुरात वाहून गेला, बिचारा.

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो नॉर्वेचा जी. ओ. सार्स. हा माणूस ऑस्ट्रेलियातून वाळलेला गाळ मागवायचा, ढेकळं काचेच्या भांड्यात टाकून पाणी ओतायचं आणि वाट बघायची, अंडी फुटून प्राणी बाहेर! ते जिवंत असतानाच बघून चित्रं काढायचा, चित्रंही काय सुरेख. त्या गाळातून आपला हिस्लोपी निघाला आणि 1887 मध्ये सार्सने त्याच्यासाठी वेगळी प्रजातीच (जीनस, म्हणजे जातीच्या वरचा गट) केली, कारण याच्या भाईबंदांची पिल्लं अळी होऊन पाण्यात सुटतात आणि याची मादी मात्र पिल्लं शिंपल्यातच वाढवते, बाहेर पडतात ती आईची छोटी कॉपी.

मग भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, जिथे उष्ण तिथे हाच, अशी कित्येक वर्षं समजूत. 2013 मध्ये डीएनए बघितला तर बाहेरून सारख्या दिसणाऱ्या बऱ्याच जाती निघाल्या, आणि त्यांची फारकत डायनोसॉरच्या काळापर्यंत मागे जाते म्हणे!

आता यातला खरा हिस्लोपी कोण? नियमाप्रमाणे ज्या नमुन्यावरून पहिलं वर्णन झालं त्याच्या जातीचं ते नाव, बाकीच्यांनी दुसरं शोधावं. म्हणजे निकाल लागणार लेबलवरच्या "नागपूर" या एका शब्दावर. म्हणून कोणी म्युझियमला जुन्या बाटल्यांचं गोदाम म्हटलं की माझं डोकंच फिरतं. फक्त दीडशे वर्षं स्पिरिटमध्ये पडलेल्या नमुन्यातून चांगला डीएनए मिळणं मुश्कील, त्यामुळे ताजा माल इथलाच लागणार, आणि इथले तलाव-बोड्या आपण कसे भराभर बुजवतोय ते तर दिसतंच आहे.