स्पितीची पहाट आणि चारांतले दोन हीटर प्लग

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातलं ताबो गाव. सकाळी साडेसहाला किल्ली फिरवली. हीटर प्लगचा, कॉइलच्या चिन्हाचा पिवळा दिवा लागला, विझला. स्टार्टर फिरला, सायलेन्सरमधून पांढरा धूर आला, पण इंजिन काही धरेना. बाहेर उणे ९. चौथ्या प्रयत्नाला बॅटरीनेही मान टाकली.

गाडी माझी, २००३ सालची. जुन्या पद्धतीचं प्री-चेंबरचं डिझेल इंजिन (डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं असं), मेकॅनिकल पंप. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि मेहुणा पुण्याहून निघालो होतो: चंदीगड, नारकंडा, रामपूर, कल्पा, नाको, ताबो आणि पुढे काझा. निघण्याआधी ऑइल, ब्रेक, बेल्ट, टायर सगळं बघून घेतलं होतं. हीटर प्लग, म्हणजे गार इंजिन सुरू होताना प्रत्येक सिलिंडरला ऊब देणाऱ्या विजेच्या कांड्या, मात्र कुणी तपासल्या नाहीत, कारण पुण्यात गाडी रोज अर्ध्या सेल्फला सुरू व्हायची.

खरी मेख तिथेच आहे. पुण्यात जानेवारीतल्या पहाटेही दहा अंशांच्या आसपास तापमान असतं. तेवढ्या थंडीत चारांतले दोन प्लग मेलेले असले तरी इंजिन चालू होतं, फार तर पहिलं अर्धं मिनिट थरथरतं. डिझेलला ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच ते पेटतं. प्री-चेंबरच्या गार भिंती ती उष्णता शोषून घेतात, म्हणून तिथे प्लगची ऊब लागते. त्यात ताबो ३,२८० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. हवा विरळ आणि गार, ऑइल घट्ट, बॅटरी अर्धमेली. तिथे दोन प्लगांवर भागत नाही.

इशारे आधीच मिळाले होते. नारकंड्याला सकाळी गाडी मिनिटभर अडखळत, धूर सोडत चालली. कल्प्याला तिसऱ्या खेपेला सुरू झाली. ‘उंचीमुळे असेल’ म्हणत आम्ही पुढे गेलो. रामपूरला किंवा निदान कल्प्याजवळच्या पिओला (रेकाँग पिओ) थांबून प्लग तपासायला हवे होते, कारण त्यापुढे सुटे भाग मिळणं फार कठीण.

मुक्कामाच्या शेजारी एक पिकअपवाला होता. बॉनेट उघडायच्या आधी त्याने एकच विचारलं, “भाईजी, धुआँ आ रहा है?” येतोय म्हटल्यावर तो म्हणाला, “फिर तेल ठीक है, हीटर देखो.” हा प्रश्न पाठ करून ठेवा. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण पेटत नाही. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही: थंडीने डिझेलचं मेण होऊन फिल्टर तुंबला असेल, लाइनमध्ये हवा असेल, किंवा पंपाचा सोलेनॉइड (डिझेल सोडणारी विजेची झडप) उघडत नसेल. मेणाची भीती भर हिवाळ्यात जास्त. त्यासाठीच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं विंटर डिझेल आणलं.

मी म्हणालो, दिवा तर लागतो. तो हसला. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो दिवा फक्त टायमरवर चालतो. चारही प्लग जळालेले असले तरी तो नेमाने लागतो आणि विझतो.

मग तपासणी. आधी चारही प्लगांना वीज पोचवणाऱ्या वरच्या पट्टीला मल्टिमीटर लावला आणि मेहुण्याला किल्ली ऑन करायला सांगितलं. बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज आलं, म्हणजे रिले (प्लगांची वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि पट्टीचा फ्यूज ठीक. इथे काहीच आलं नसतं, तर प्लग न उघडता आधी तो जाड फ्यूज आणि मग रिले बघायचा. चार प्लग मिळून चाळीस-पन्नास अँपिअर सहज ओढतात, त्यामुळे फ्यूजचे नट सैल असले तरी गाडी अडते. नंतर किल्ली बंद करून पट्टी काढली आणि एकेका प्लगचा रेझिस्टन्स मोजला. दोन प्लगांचा साधारण एक ओहम, म्हणजे चांगले. दुसरा आणि चौथा ओपन, म्हणजे आतून तुटलेले. मीटर नसेल तर इंडिकेटरचा बल्ब आणि दोन वायरी पुरतात: एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं सुट्या केलेल्या प्लगच्या डोक्याला. बल्ब लागला नाही तर प्लग गेला.

स्पेअर नव्हतेच. पट्टी परत बसवली, ऊन गाडीच्या नाकावर येईपर्यंत थांबलो, साडेनऊला पिकअपवरून जंपर केबल लावली. किल्ली ऑन, दिवा विझू दिला, बंद. असं तीनदा केलं, मग सेल्फ. दहा सेकंदांच्या आत इंजिन अडखळत सुरू झालं. सेल्फ सलग पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. कुणी इनटेकमध्ये ईथरचा स्प्रे मारायला सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा. तापलेल्या प्लगवर तो भडकतो आणि पिस्टनचं वाटोळं होतं. ऑइलच्या चेंबरखाली (इंजिनाच्या तळाशी) शेगडी ठेवणारेही भेटतील, पण डिझेल आणि ऑइल झिरपणाऱ्या जुन्या इंजिनाखाली मी विस्तव ठेवणार नाही.

काझाला दोन रात्री राहिलो. गाडी अशी लावायची की सकाळचं पहिलं ऊन बॉनेटवर येईल. दरीत हा फरक तास-दीड तासाचा पडतो. बॅटरी काढून खोलीत आणायचो. दोन्ही सकाळी गाडी सुरू झाली, पण दहाच्या आधी नाही. काझाहून पहाटे निघायचा बेत त्यामुळे सोडावा लागला.

परतताना रामपूरला चारही प्लग बदलले. दोनच बदलू नका. जुने दोघे मागोमाग जातात. मेकॅनिकने इंजिन गरम असतानाच प्लग सोडवले. चौथा अडकला होता. गंज सोडवणारं ऑइल टाकून तो पाव आटा पुढे, पाव आटा मागे करत वीस मिनिटं बसला. जोर लावून प्लग हेडमध्ये तुटला तर हेड उतरवावं लागतं, म्हणून तिथे घाई करू देऊ नका. भोकातला कार्बन साफ करूनच नवे बसवले, तेही बेताने आवळून.

दुसऱ्या दिवशी नारकंड्याला तीन अंशांत गाडी पहिल्या सेल्फला लागली, थरथर नाही, धूर नाही. आता डॅशबोर्डच्या कप्प्यात दोन नवे प्लग, पट्टीच्या नटाचा पाना आणि तो बल्ब कायम असतो.