पोय फुटली

परवा सकाळी विहिरीकडच्या ओळीत सातव्या पोफळीला, म्हणजे सुपारीच्या झाडाला, पोय (फुलोऱ्याचा कोंब) दिसली. नव्या लागवडीतली ही पहिली. मी शेठना, म्हणजे वाडीच्या मालकांना, फोटो पाठवला आणि तिथेच पाटाच्या कडेला बसून राहिलो.

अलिबागजवळच्या नागावातल्या या वाडीचा कारभार मी एकोणीस वर्षं बघतोय, माझ्याआधी वडील बघायचे. साडेचार एकर, बंगला, दोन विहिरी, वाडीतच राहणारी दोन कुटुंबं. मालक मुंबईचे. सगळे मिळून वर्षाचे वीस-पंचवीस दिवस इथे असतात. मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, सुरू झाल्यापासून गाडीसकट येतात, त्यामुळे "निघालोच आम्ही" एवढाच फोन येतो. मग गाद्या उन्हात टाकायच्या, नळ सोडून गढूळ पाणी जाऊ द्यायचं, कोळणीकडे निरोप धाडायचा. लोकांना वाटतं माझं काम हेच. पण ते तर दोन तासांत उरकतं.

वाडीचं तसं नाही. माडाच्या शेंड्यात गेंड्या भुंगा शिरला, की तारेच्या आकड्याने तो त्याच दिवशी ओढून काढावा लागतो. चार दिवस काणाडोळा केला तर नवी झावळ कात्रीने कापल्यासारखी बाहेर येते. हे मुंबईहून दिसत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. दुपारी पोफळी मोडायला लागल्या तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. एकेक खोड मधूनच तुटत होतं. आम्ही सगळे बंगल्याच्या आतल्या खोलीत, मुलांना मधे घेऊन बसलो होतो. संध्याकाळी बाहेर आलो तर घरातून थेट समुद्राकडचं आभाळ दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा. मोजल्या तेव्हा 412 पोफळी आणि 37 माड गेले होते. वीज नाही, फोनला रेंज नाही. पाचव्या दिवशी शेठशी बोलणं झालं. त्यांनी पहिलं विचारलं, "माणसं सगळी बरी आहेत ना?" ते मी कधी विसरणार नाही.

पुढे दिवाळीत कुणीतरी त्यांना सुचवलं, जागा मोकळी झालीच आहे तर हिरवळ करा, तलाव बांधा. मी एरवी त्यांच्यापुढे फार बोलत नाही. त्या दिवशी म्हटलं, "शेठ, सावली गेली म्हणून उरलेल्या पोफळींची खोडं पश्चिमेच्या उन्हाने भाजतायत. आता लावलं नाही तर त्याही जातील." ते गप्प राहिले. मोठ्या बाईच म्हणाल्या, "तो सांगतोय तसं करा. पोफळी नसतील तर ही वाडी कसली?"

आधी सावलीला केळी लावल्या. पुढच्या पावसात श्रीवर्धनी रोठा या सुपारीच्या जातीची रोपं, नऊ-नऊ फुटांवर. पहिले दोन उन्हाळे प्रत्येक रोपाला झावळांचा आडोसा बांधला. कितीतरी रोपं मेली, तिथे परत लावली. पाच-सहा वर्षं फळ नाही, नुसता खर्च. दर महिन्याचा हिशोब पाठवताना जीव खालीवर व्हायचा.

मोठ्या बाई आता प्रवास करत नाहीत. रात्री त्यांचाच फोन आला. फोटो नातीने दाखवला होता. "कुठली रे ही? विहिरीकडची?"

"हो, बाई. सातवी."

"सुपारी धरली की पहिली माझ्याकडे पाठव. देवापुढे ठेवीन."

आज त्या झाडाला लाल दोरा बांधून ठेवलाय.