बफेलोच्या बर्फातून घरी चालत: तुम्ही विचारलंत म्हणून

पोरं शिकायला अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला गेली की इकडून आईवडील हमखास विचारतात: एवढ्या बर्फात मेट्रो स्टेशनवरून घरी चालत कशी येतात? येतात. फूटभर बर्फ पडलाय आणि वारा पडलेला आहे, तर दहा मिनिटांच्या वाटेला वीस-पंचवीस लागतात, इतकंच. भ्यायचं ते वाऱ्याला. उणे 10 अंशांत ताशी 30 किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला उणे 20 वाटतं. त्यात साचलेला बर्फही वारा उडवतो आणि समोरचं घर दिसेनासं होतं.

बफेलोतला बर्फ शेजारच्या ईरी सरोवराच्या कृपेचा. सरोवर गोठायच्या आधी, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात, थंड वारा पाण्यावरची वाफ उचलतो आणि अरुंद पट्ट्यात बर्फ म्हणून ओततो. नोव्हेंबर 2014मध्ये शहराच्या दक्षिणेला पाच फुटांहून जास्त बर्फ साचला, उत्तरेच्या उपनगरांत जेमतेम काही इंच. म्हणून निघण्याआधी फोनवर हवामानाचं रडार बघायचं. पट्टा डोक्यावर असेल तर तासभर लायब्ररीत बसावं, बहुधा सरकतो. प्रवासबंदी जाहीर झाली तर मात्र जिथे आहात तिथेच मुक्काम. डिसेंबर 2022च्या वादळात विमानतळावर सलग 37 तास हिमवादळ होतं, आणि बाहेर अडकलेली माणसं दगावली.

कपड्यांत जीन्स सगळ्यात वाईट: भिजते, मग कडक होते. आत लोकरीचं किंवा सिंथेटिक, वर वारा अडवणारं जाकीट. निघताना किंचित गारठायला हवं. उबदार वाटत असेल तर पाच मिनिटांत घाम येईल, आणि थांबलात की तोच घाम गारठवेल. बूट घट्ट असताना दुसरा मोजा चढवू नका, रक्त पोचत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. बोटं एकत्र राहणारे हातमोजे जास्त ऊब देतात. फोन आतल्या खिशात, थंडीत बॅटरी अचानक मान टाकते.

फूटपाथ साफ करणं घरमालकाचं काम. त्यामुळे एका दारासमोर साफ, पुढच्यासमोर गुडघाभर. लोक मग रस्त्यावर उतरतात. उतरावंच लागलं तर समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. मागून येणारा प्लाऊ, म्हणजे बर्फ बाजूला लोटणारी गाडी, ऐकू येत नाही. कोपऱ्यावर प्लाऊने शेताच्या बांधासारखा ढीग रचलेला असतो, तो ओलांडताना खाली बर्फाचा गुळगुळीत थर आहे असंच धरून चाला. पावलं छोटी, पूर्ण तळवा टेकवून, हात खिशाबाहेर, सामान पाठीवर. पडताना हात टेकला की मनगट मोडतं, म्हणून कुशीवर पडावं.

घरी आल्यावर बोटं पांढरी, बधिर दिसली तर चोळू नका, हीटरलाही लावू नका. कोमट, 37 ते 39 अंशांच्या पाण्यात बुडवा. अर्ध्या तासात रंग आणि संवेदना परतली नाही, तर दवाखाना.