भैरवीसाठी एक तार उतरवताना

मामांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून सूर लावायला शिकवलं, तेव्हा ट्यूनिंग हा शब्दही उच्चारला नव्हता. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत म्हणायचं : सा, प, सा, ग, प, सा. सा पेटीच्या पांढरी दोनला धरला की हेच ‘ओपन डी’, म्हणजे डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. नेहमीच्या गिटारीवरून इथं येताना चार तारा उतरवायच्या असतात, चढवायची एकही नाही.

मी ते सोडून भलतीकडेच गेलो. डोब्रोचा धातूचा घुमणारा आवाज ऐकून वेडावलो होतो. डोप्येरा बंधूंनी १९२८ साली ‘डोब्रो’ नावानं काढलेलं ते गिटारच्याच जातीचं वाद्य. आत ॲल्युमिनियमचा शंकू असतो. त्याचं नेहमीचं ट्यूनिंग जी, बी, डी, जी, बी, डी. ते मी माझ्या साध्या गिटारीवर, साध्याच तारांवर लावलं. सहावी तार तीन अर्धस्वर चढली, पाचवी दोन. तीन अर्धस्वर ऐकायला थोडे वाटतात, पण ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे त्या तारेवर सुमारे ४१ टक्के जास्त. पंधरा दिवसांत घोडी, म्हणजे तारा जिथं अडकवतात ती लाकडी पट्टी, मागून उचलली गेली. आमच्या अप्पांची हयात यंत्रमागावर गेली. त्यांनी बोटानं सगळ्या तारा चाचपल्या आणि म्हणाले, “ताणा एका बाजूला असा ओढलास तर कापड सरळ येईल का रे?”

घोडी पुन्हा चिकटवून घेतली. पण मामांच्या ट्यूनिंगकडे मी परत आलो तो भजनामुळे. मांडीवरच्या गिटारीत बोटांऐवजी तारांवरून सरकवायची धातूची पट्टी सगळ्या तारांवर आडवी पडते, त्यामुळे ग शुद्ध की कोमल हे आधी खुंटीवरच ठरवावं लागतं. डोब्रोच्या ट्यूनिंगमध्ये गंधाराच्या तारा दोन. सी सिक्स्थ नावाच्या आणखी एका ट्यूनिंगमध्येही दोन, शिवाय धैवत (सा, ग, प, ध, सा, ग). जुन्या सिनेमाची गाणी त्यावर फार गोड वाजतात, वरच्या तीन तारांवर मायनर कॉर्ड आयती मिळते. पण अभंगाच्या मागे तो मोकळा धैवत मला सोसत नाही.

मामांच्या ट्यूनिंगमध्ये ग एकच, तिसऱ्या तारेवर. आमच्या साखर पेठेतल्या एकादशीच्या भजनाची सांगता भैरवीनं होते. बुवा काळी एकला गातात, म्हणून घरूनच सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून नेतो. भैरवीत ग कोमल लागतो, म्हणून शेवटच्या गजराला टाळ चढले की तिसरी खुंटी फिरवायची. तार कोमल गंधाराच्याही किंचित खाली न्यायची आणि मग वर आणून थांबवायची. वरून उतरवत आणून तिथंच सोडली, तर नटमध्ये (खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीत) अडकलेला ताण भैरवी सुरू झाल्यावर सुटतो आणि तार आणखी उतरते. पेटीवाले काका तेवढ्यापुरता ग दाबून धरतात.